टाळ्यांना मार्क नाहीत

रोख जुळत नाही म्हणून रात्री साडेनऊपर्यंत शाखेत बसलेला माणूस दशांश चिन्हाकडे पुन्हा कधी साध्या नजरेनं बघू शकत नाही. त्यामुळे भाच्यानं 98.125 आणि 98.100 असे दोन आकडे माझ्यापुढे धरले, तेव्हा मी आधी चष्मा पुसला आणि विचारलं, "व्याज कुठल्या तारखेपासून धरलंय?"

"व्याज नाही मामा, ढोल. ढोल वाजवण्याचे मार्क आहेत."

माझी धाकटी बहीण इंडियानापोलिसला असते. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. तिचा मुलगा शाळेच्या बँडमध्ये वाजवतो, आणि शाळेत वाजवणाऱ्या तिथल्या पोरांचं स्वप्न म्हणजे ड्रम कोअर. मी ते नाव छापील कागदावर पाहिलं आणि 'ड्रम कॉर्प्स' असं खणखणीत वाचलं. भाचा दचकला. म्हणाला, "मामा, पी आणि एस म्हणायचे नसतात. तसं म्हटलं तर प्रेत होतं." मी कॉलेजात दोन वर्षं एन.सी.सी.ची परेड केली, पण त्यातल्या शेवटच्या सी.चा उच्चार कधी विचारला नव्हता. परेडनंतर मिळणाऱ्या नाश्त्यापुढे असले प्रश्न पडत नसत. म्हणायची नाहीत ती अक्षरं लिहायची कशाला, हा प्रश्नही मी भाच्याला विचारला नाही. आमच्या खातं उघडायच्या फॉर्मवर असे पुष्कळ रकाने असतात. भरायचे असतात, वाचायचे नसतात.

दुसरी चूक मी 'बँड' म्हणण्याची केली. हा बँड नव्हे. बँडमध्ये बासरी असते, क्लॅरिनेट असतं. इथे फक्त पितळी वाद्यं, ढोल आणि झेंडे फिरवणारी मुलं-मुली. वरातीपुढे वाजतो तो बँड. इथे वरात नाही, नवरदेव नाही, आणि वाजवणाऱ्यांना पैसे मिळत नाहीत. उलट दर मोसमाला तेच हजारो डॉलर भरतात, उन्हाळाभर शाळांच्या जिमखान्यात जमिनीवर झोपतात, रात्री बसनं पुढच्या गावाला जातात आणि दिवसभर उन्हात पावलं घोटवतात. बाविशी उलटली की निवृत्ती. पेन्शन नाही. हे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे बँकेपेक्षा वाईट."

मूळ गोष्ट अगदी साधी. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांनी 1919 साली अमेरिकन लीजन नावाची संघटना काढली. गावोगावी तिच्या शाखा झाल्या, आणि युद्धातून उरलेले बिगुल आणि ढोल घेऊन मंडळी मिरवायला लागली. मिरवणूक म्हटली की शेजारच्या आळीपेक्षा आपला आवाज मोठा हवा. हे कळायला अमेरिकेला जावं लागत नाही. त्यातून स्पर्धा आल्या, आणि पुढे या पथकांत तरुण मुलं आली.

सैनिकी बिगुलाला कळच नसते. फुंकणारा ओठांच्या ताणावर जेवढे सूर काढील तेवढेच. म्हणून नियमवाल्यांनी पुढे एक कळ मंजूर केली. दोन कळांना परवानगी मिळायला 1977 साल उजाडलं आणि तिसरीला 1990. म्हणजे जी सोय गावातल्या कुठल्याही ट्रंपेटला होती, ती या लोकांना मिळायला उभी हयात गेली. 2000 साली जी पट्टीतला बिगुलच असला पाहिजे ही अटही सुटली. आणि प्रत्येक वेळी जुन्या मंडळींनी जाहीर केलं, की आता ड्रम कोअर संपलं. मला हे फारच ओळखीचं वाटलं. आमच्याकडे लेजर जाऊन संगणक आला, तेव्हा बँकिंग संपल्याचं दुःख मी स्वतः दोनदा चहा पिऊन साजरं केलं होतं.

परीक्षणाचा जुना प्रकार तर आमच्या खात्यातूनच उचललेला असावा. परीक्षक मैदानात वाजवणाऱ्यांच्या रांगांतून फिरायचे आणि चूक दिसली की कागदावर एक रेघ मारायचे. एक रेघ म्हणजे दशांश एक गुण वजा. कुणाची काठी उशिरा पडली, रेघ. पाय वाकडा पडला, रेघ. चांगलं काय झालं याला रकाना नाही. ही पद्धत 1983 च्या मोसमापर्यंत चालली. आमच्या शाखेत दर वर्षी इन्स्पेक्शनला येणारे गृहस्थ आजही याच पद्धतीनं चालतात, आणि तेही हातात पेन्सिल घेऊन खुर्चीमागून डोकावतात.

या रेघोट्यांच्या राज्यात प्रेक्षक कुठे होता? होता, पैसे देऊन बसला होता. माजी सैनिकांच्या संघटनांच्या नियमांना कंटाळून काही पथकांनी 1971 च्या सुमारास आपली एकी केली आणि ड्रम कोअर इंटरनॅशनल ही स्वतःची संस्था काढली. 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. अनाहाइम किंग्जमेन जिंकले. नियम आपल्या हाती आल्यावर खेळात जरा रंग आला. न्यू जर्सीतल्या बेयॉन गावचं ब्रिजमेन नावाचं पथक पिवळे लांब डगले आणि रुंद काठाच्या टोप्या घालून यायचं, आणि भर मैदानात सगळेच्या सगळे मूर्च्छा आल्यासारखे आडवे व्हायचे. लोक वेडे होत. परीक्षकांनी त्यांना कधीच पहिला नंबर दिला नाही. अजिंक्यपद कोणाचं हे विसरलेली माणसं ब्रिजमेनच्या मूर्च्छेबद्दल मात्र आजही तासभर बोलतात.

याच्या नेमकं उलट प्रकरण 1993 चं. स्टार ऑफ इंडियाना हे पथक आठ वर्षांचं, आणि 1991 चं विजेतं. त्यांनी त्या वर्षी सॅम्युअल बार्बर आणि बार्टोक यांचं अवघड, टोकदार संगीत घेतलं. गाठीच्या गाठी सोडवाव्यात तशा हालचाली, टाळी घ्यायला मध्ये जागाच नाही. काही ठिकाणी लोकांनी हुर्यो उडवल्याचं सांगतात. शेवटच्या रात्री जॅक्सनला त्यांना 97.3 आणि कॅडेट्सना 97.4. एका दशांशानं गेलं. जुन्या हिशेबानं एक रेघ! पथकानं पुढल्या वर्षी स्पर्धाच सोडली आणि रंगमंच धरला. त्यातूनच पुढे 'ब्लास्ट!' हा प्रयोग निघाला, 1999 साली लंडनला लागला आणि 2001 मध्ये ब्रॉडवेवर जाऊन त्यानं टोनी पारितोषिक घेतलं. आज तीच 1993 ची चित्रफीत लोक हात जोडून बघतात. प्रेक्षकाला मार्क द्यायला लावले असते तर काय झालं असतं, या प्रश्नाचं उत्तर मला ब्रिजमेनपाशी एक मिळतं आणि स्टारपाशी दुसरंच.

हे सगळं मला कोणी सांगितलं? भाच्यानं थोडं, आणि बरंचसं स्टेडियममध्ये शेजारी बसलेल्या एका आजोबांनी. सत्तरीला टेकलेले, शर्टावर जुने बिल्ले, आणि दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. ते सत्तरच्या दशकात चालता चालता टिंपनी वाजवत. टिंपनी म्हणजे तांब्याच्या हंड्यासारखा नगारा. त्या काळी सगळी वाद्यं अंगावर घेऊन चालावं लागे, म्हणून चार-पाच जण एकेक नगारा पोटावर बांधत आणि आपापल्या वाट्याचा सूर आला की ठोकत. "मी अख्खा उन्हाळा बहुतेक एकच सूर वाजवला," आजोबा अभिमानानं म्हणाले. "पण वेळेवर वाजवला." पुढे 1980 नंतर मोठी वाद्यं मैदानाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायला परवानगी मिळाली. त्या जागेला पिट म्हणतात. नगारे पोटावरून उतरले आणि शेजारी मारिंबा आला. मारिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचा काष्ठतरंग, पण चांगला पलंगाएवढा.

आणि इथूनच लाऊडस्पीकरचं भांडण सुरू होतं.

मारिंबा हे खोलीत ऐकायचं वाद्य. लोकरीचा धागा गुंडाळलेल्या काठीनं वाजवलं तर त्याचा मधासारखा आवाज येतो. पण मागे साठ-सत्तर पितळी तोंडं आणि ढोलांची फळी. पुढे उंच गॅलरी, आणि परीक्षक बसलेले तिच्या माथ्यावर. तिथपर्यंत पोचायचं म्हणून पोरं टणक काठ्या घेऊन पट्ट्यांवर तुटून पडत. पट्ट्या फुटत, आणि मधाऐवजी वर पोचे तो फक्त खडखडाट.

शिवाय आवाजाला पाय असतात, ही गोष्ट मी इथे शिकलो. मैदानाची रुंदी 160 फूट, म्हणजे सुमारे 49 मीटर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मागच्या कडेला पडलेली काठी पुढच्या कडेला ऐकू यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. मिनिटाला 180 ठोक्यांची लय असेल तर तेवढ्यात जवळजवळ अर्धी मात्रा निघून जाते! म्हणून पिटमधली मुलं ताल देणाऱ्याच्या हाताकडे बघत नाहीत. पाठीमागून येणारा ढोल कानांनी पकडतात आणि त्यावर वाजवतात. डोळ्यांवर विश्वास ठेवला की सम चुकली. भाच्यानं हे मला वहीत आकृती काढून दाखवलं. कॉमर्सवाल्याला पदार्थविज्ञान कळलं, याचा आनंद आम्हां दोघांनाही झाला.

तर 2004 च्या मोसमापासून पिटपुढे मायक्रोफोन ठेवायला परवानगी मिळाली. मऊ काठ्या परत आल्या. इथपर्यंत ठीक. पण मायक्रोफोन दिला की माणसाला बोलावंसं वाटतं. कुठल्याही सत्कार समारंभाला जाऊन बघा. वाद्यांबरोबर माणसाच्या आवाजालाही परवानगी होती. 1934 साली निघालेल्या, दहा वेळा अजिंक्य ठरलेल्या कॅडेट्सनी 2006 आणि 2007 च्या कार्यक्रमांत इतकं निवेदन घातलं, की त्यांचेच चाहते हवालदिल झाले. पोरं जीव तोडून वाजवताहेत आणि वर कुणीतरी समजावून सांगतंय. (हे पथक 2024 साली बंद पडलं. ते मात्र निवेदनामुळे नव्हे.) मग 2009 पासून सिंथेसायझर आला. पितळी वाद्यांच्या तळाला विजेचा एक दाट घुमारा सोडायची युक्ती निघाली. चाहते त्याला 'गू' म्हणतात. तिकडे त्याचा अर्थ चिकट लगदा असा होतो. पण आजोबांनी हा शब्द चारदा उच्चारला तेव्हा सौ.नी पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं, मराठीतही मत तेच व्यक्त होतंय.

आजोबांचा मुद्दा बिनतोड होता. "माणसाच्या छातीतून निघालेला आवाज आणि भिंतीतल्या भोकातून निघालेला आवाज यांना एकाच तराजूत कसं तोलणार?" घुमारा सुरू झाला की ते दोन्ही कानांतली यंत्रं काढून खिशात टाकत आणि हाताची घडी घालून बसत. उघड्या पितळेचा आवाज आला की पुन्हा चढवत. मी मनात म्हटलं, आजोबा, तुमच्या खिशात आहे तोही लाऊडस्पीकरच की! पण शंभर रुपयांच्या तिकिटावर वाद घालणं वेगळं आणि डॉलरच्या तिकिटावर वेगळं. मी गप्प बसलो.

मग एका पथकानं मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ रांग धरली आणि अख्खी रांग तोंडाला पितळ लावून आमच्या अंगावर चालून आली. ही यांची जुनी क्लृप्ती. परीक्षकांना त्यात काही नवल नाही. पण माझ्या छातीच्या फासळ्या कुणीतरी आतून वाजवल्या, आणि मी उभा राहिलो. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी जनरल मॅनेजर आले तेव्हाच एवढ्या चपळाईनं उठलो होतो. शेजारी सौ. उभ्या, बहीण उभी, आजोबा तर खुर्चीवर चढायच्या बेतात. हजारो माणसं ओरडत होती. भाचा कानात ओरडला, "शंभरातले चाळीस मार्क एकंदर परिणामाला असतात!" मी ओरडून विचारलं, "मग आमचे किती?" तो म्हणाला, "आपले नाहीत मामा. परिणाम परीक्षकांवर व्हावा लागतो."

सुरुवातीचे दोन आकडे मला तेव्हा समजले. 2008 साली ब्लूमिंग्टनला फँटम रेजिमेंटनं स्पार्टाकसची गोष्ट केली. गुलामांचं बंड, आणि एकेक मुलगा पुढे येऊन मीच स्पार्टाकस म्हणतो. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. ब्ल्यू डेव्हिल्सना 98.100 आणि फँटमना 98.125. प्रेक्षकांच्या आणि परीक्षकांच्या वहीची रोख त्या रात्री जुळली. एवढ्यासाठी माणसं अजून तो आकडा तोंडपाठ ठेवतात.

शेवटून तिसऱ्या-चौथ्या पथकाला आजोबा एकदम सावरून बसले. पुन्हा तपासून दोन्ही यंत्रं कानांत घातली. बारीक चक्रावर आवाज वाढवला. मी विचारलं, "हे पथक लाऊडस्पीकर वापरत नाही वाटतं?"

"वापरतं," ते म्हणाले. "डावीकडून दुसरा मारिंबा. माझी नात आहे. तिचं हे शेवटचं वर्ष."

मैदानावरचे बाकी सगळे एका क्षणी थांबले आणि ती मारिंबावर एकटी काहीतरी हळू वाजवायला लागली. मऊ काठ्यांनी, पाण्यावर बोटं फिरवावीत तसं. दहा-बारा सेकंदच असेल. समोरच्या काळ्या पेट्यांतून तो आवाज आमच्यापर्यंत, वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आला. आजोबांनी घडी घातलेले हात सोडले होते. मग बाकीचे वाजवायला लागले, तळाला तो घुमारा आला, आणि या वेळी त्यांचा हात खिशाकडे गेला नाही.

निकाल लागेपर्यंत मात्र यंत्रं खिशात होती. जाहीर करणारा माणूस दशांशाची तीन-तीन स्थळं लांबवून म्हणत होता. आजोबांनी माझ्या कोपराला हात लावून विचारलं, "आमची कितवी आली?" मी बोटांनी सांगितलं. "किती फरकानं?" आता हे माझं काम होतं. मी पेन काढलं, तळहातावर वजाबाकी केली आणि हात त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला. मग म्हणाले, "एवढं तर आमच्या वेळी एक काठी पडली की जायचं. तिची पडली का?"

"नाही," मी मान हलवली.

"मग?" ते म्हणाले, आणि पोरीला भेटायला जिना उतरायला लागले.