आरसा नव्हे, रांजण

लिनक्सचं बारसं त्याच्या बापाने केलं नाही. सप्टेंबर 1991 मध्ये लिनस तोरवाल्ड्सने आपल्या कोवळ्या कर्नेलच्या फायली फिनलंडमधल्या फुनेटच्या एफटीपी सर्व्हरवर ठेवायला दिल्या, तेव्हा त्याच्या मनात ‘फ्रीक्स’ हे नाव होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्केला ते रुचलं नाही. त्याने फोल्डरला परस्पर ‘लिनक्स’ नाव दिलं आणि आत्याबाईचा मान पटकावला. भांडारी हा लिनक्सच्या घरात असा पहिल्या दिवसापासून आहे. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर सॉफ्टवेअर पॅकेजांचा ‘मिरर’, म्हणजे नक्कल, राखणारा ॲडमिन त्याच कुळातला.

मिरर ही कल्पना मात्र लिनक्सहून जुनी. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या अमेरिकी लष्करी तळावर सिमटेल-20 नावाच्या संगणकात फुकट सॉफ्टवेअरचा मोठा साठा होता. सगळी गर्दी त्या एका दारावर नको, म्हणून सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठासारख्या ठिकाणी त्याची नक्कल ठेवलेली असे. 1993 मध्ये मूळ संगणक बंद झाला, तरी साठा नकलांत शाबूत राहिला. समोरचा माणूस निघून गेल्यावर प्रतिबिंब जागच्या जागी राहिलं, तर त्याला आरसा कसं म्हणायचं? खरं तर हा रांजण. नदीवर एकाने जायचं, भरून ठेवायचं. घरादाराने तांब्या बुडवायचा.

रांजण रोज उपसून पुन्हा भरणं परवडणारं नव्हतं. त्यावर तोड निघाली 1996 मध्ये, ऑस्ट्रेलियात. कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरस यांनी आरसिंक लिहिलं. नक्कल ठेवणारा संगणक आपल्याकडच्या जुन्या फाइलचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याची आकड्यांतली छोटीशी खूण समोरच्याला कळवतो. समोरचा ती आपल्या नव्या फाइलशी ताडून पाहतो आणि जेवढं बदललं तेवढंच धाडतो. वाण्याकडे यादी पाठवण्याआधी घरातले डबे उघडून बघावेत, तसं.

दुसरी सोय डेबियन या लिनक्स वितरणाने केली. 1999 च्या डेबियन 2.1 बरोबर पॅकेजं आणून बसवणारं ॲप्ट आलं आणि पॅकेज कुठून आणायचं हे ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलं जाऊ लागलं. त्यातल्या एका ओळीत बाहेरचा पत्ता खोडून आतल्या सर्व्हरचा टाकला, की संगणक निमूट घरच्या रांजणावर येतो. हिशेब सोपा आहे. चाळीस संगणकांनी दोनशे एमबीचे अपडेट आपापले आणले, तर बाहेरच्या लाइनवरून आठ जीबी येतात. एकाने आणून वाटले, तर दोनशे एमबीत भागतं. पण डेबियन 12 मध्ये 64,419 पॅकेजं आहेत. इतकं कशाला साठवायचं, असं वाटणारे ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवतात. ते 3142 या पोर्टवर बसून राहतं आणि कुणी मागितलेलं पॅकेज पहिल्यांदा बाहेरून आणून पुढच्यांसाठी ठेवून देतं. जिथे बाहेरची तारच नाही, तिथे माणूस हार्डडिस्क पिशवीत घालून नेतो.

भरण्याचाही एक क्रम असतो, तो मी चुकून शिकलो. एका कॉलेजच्या लॅबसाठी मी पॅकेजांच्या याद्या आधी उतरवल्या. पॅकेजं उतरत असतानाच लाइन गेली. सकाळी पोरांनी अपडेट लावले, तर यादीत नाव आहे आणि फाइल गायब. डेबियनच्या मिररांचा शिरस्ता उलटा आहे: आधी नवी पॅकेजं, मग याद्या, आणि जुनी पॅकेजं शेवटी पुसायची. पंगतीत वाढण्याआधी भात शिजलेला हवा, एवढं साधं आहे ते.

पण कुणाच्याही रांजणातलं पाणी बिनघोर प्यायचं कशाच्या भरवशावर? उत्तर शिक्कामोर्तबात आहे. प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडी ठसा, यादीत, यादीचा हॅश ‘रिलीज’ नावाच्या फाइलमध्ये आणि त्या फाइलवर डेबियनची डिजिटल सही. 2007 च्या डेबियन 4.0 पासून ॲप्ट ही सही आपणहून तपासू लागलं. मधल्या मिररवर कुणी अक्षर जरी फिरवलं, तरी हिशेब जुळत नाही.

तरीही एक फट उरली होती. 2008 मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या जस्टिन कॅपोस आणि सहकाऱ्यांनी बनावट कंपनीच्या नावाने सर्व्हर भाड्याने घेऊन पाच लिनक्स वितरणांकडे मिरर म्हणून अर्ज केले. पाचही ठिकाणी ते मंजूर झाले. अशा मिररला खोटं पॅकेज देता येत नाही, पण जुनं देता येतं. सही खरी, माल शिळा, आणि आतली भोकं जगाला ठाऊक झालेली. यावर इलाज म्हणून ‘रिलीज’ फाइलमध्ये मुदत घालायची सोय झाली. डेबियनच्या सुरक्षा अपडेटच्या याद्यांवर अशी मुदत असते. ती उलटली की ॲप्ट यादी नाकारतं.

बंद नेटवर्कवर मात्र ही मुदत हटकून उलटते, कारण पिशवीतली हार्डडिस्क महिन्यातून एकदा येते. मग वैतागलेला ॲडमिन सेटिंगमध्ये मुदत न तपासण्याची ओळ घालतो. त्याचाही नाइलाज असतो. पण तो दिवस त्याने डायरीत लिहून ठेवावा; पाणी कधी भरलंय हे त्यानंतर संगणक त्याला सांगणार नाही.