कृमींचे जबडे आणि इतिहासाचा पुरावा



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि दप्तरे उभी राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्याचा पुरावा बहुधा मोहरीच्या दाण्याएवढाच, आणि तोही एका किड्याचा जबडा! परंतु पुरावा कसा वाचावा, आणि वाचताना विद्वानांचीही फसगत कशी होते, हे त्यावरून फार स्पष्ट कळते.

समुद्रात राहणाऱ्या वलयी कृमींचे शरीर मऊ असते. मेल्यावर ते कुजते आणि बहुधा जबडा तेवढा मागे उरतो. तो चुन्याचा नसून चिवट सेंद्रिय द्रव्याचा असतो. म्हणून चुनखडक आम्लात विरघळवला तरी हे काळसर, दातेरी तुकडे शाबूत राहतात. ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही ते विपुल सापडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बाल्टिक प्रदेशात ते प्रथम आढळले, तेव्हा ते माशांचे दात समजले गेले. १८७९ साली जॉर्ज जेनिंग्ज हिंड या इंग्रज संशोधकाने कॅनडातील व स्कॉटलंडमधील तुकड्यांचे वर्णन करून ते कृमींचे जबडे असल्याचे दाखविले. १९३३ साली क्रोनाइस आणि स्कॉट यांनी त्यांना 'स्कोलेकोडाँट', म्हणजे कृमिदंत, हे नाव दिले.

नाव मिळाले, पण घोटाळा मिटला नाही. एकाच कृमीच्या तोंडात निरनिराळ्या आकाराचे अनेक जबडे असतात आणि मृत्यूनंतर ते विखुरतात. ज्याच्या हाती जो तुकडा आला त्याची त्याने स्वतंत्र जात ठरविली. एकाच पोथीची सुटी पाने वेगवेगळे ग्रंथ म्हणून मोजावीत, तसा हा प्रकार झाला.

हा गुंता सोडविण्याचे मोठे काम पोलंडमध्ये झाले. १९४४ च्या उठावात वॉर्सा शहर बेचिराख झाले. विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग उरला नाही, तेव्हा प्राध्यापक रोमान कोझ्लोव्स्की आपल्या राहत्या घरी शिकवू लागले. त्या उठावात जखमींची शुश्रूषा केलेली झोफिया किएलान ही तरुणी तेथे शिकली. हिमनद्यांनी बाल्टिककडून वाहून आणलेले शिलाखंड आम्लात विरघळवून कोझ्लोव्स्कींनी परस्परांना जोडलेले अख्खे जबडे मिळविले व १९५६ साली प्रसिद्ध केले. पुढे किएलान-यावोरोव्स्का यांनी १९६६ साली त्यांवर विस्तृत ग्रंथ लिहिला. सुट्या तुकड्यावरून नव्हे, तर संपूर्ण रचनेवरून प्राणी ओळखावा, हा दंडक त्यामुळे दृढ झाला. आधीच्या अनेकांचे श्रम त्यापायी पुन्हा तपासावे लागले. पण सत्याची किंमत ती असतेच.

आणखी एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतो. १९९४ साली कॅनडातील ओंटॅरिओमधून गोळा केलेले काही दगड टोरांटोच्या संग्रहालयात पडून होते. २०१७ साली त्यांतून सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड कृमीची ओळख पटली. त्याचे जबडे एक सेंटिमीटरहून मोठे आहेत! तेवीस वर्षे कोणी ते दगड निरुपयोगी म्हणून फेकून दिले नाहीत, म्हणूनच हे घडले.

तुकड्याला संपूर्ण समजू नये, आणि आज न उलगडणारा तुकडा टाकूनही देऊ नये. इतिहास दगडाचा असो की माणसांचा, अभ्यासकाला हे दोन्ही नियम सारखेच बंधनकारक आहेत.