डाव्या अलिंदाचे आकारमापन

डाव्या अलिंदाचे आकारमापन : श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचे आकारमान ठरविण्याची पद्धत. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर व कार्ल हेल्मुट हेर्ट्‌झ यांनी १९५३ मध्ये अशा तरंगांनी हृदयाच्या हालचालींची नोंद घेतली, तेथून या परीक्षेचा आरंभ होतो [→ श्राव्यातीत ध्वनिकी]. प्रारंभी पुढून मागे असा एकच व्यास मोजीत. परंतु उरोस्थी व पाठीचा कणा यांच्यामध्ये अलिंदास त्या दिशेने पसरण्यास फारसा वाव नसल्यामुळे हे माप पुष्कळदा वास्तवापेक्षा कमी भरते. म्हणून निलयाच्या आकुंचनाच्या अखेरीस, द्विदल झडप उघडण्याच्या लगेच आधी, चित्र स्थिर करून, हृदयाग्राकडून घेतलेल्या चार कप्प्यांच्या व दोन कप्प्यांच्या दृश्यांत भित्तीची आतली कड रेखतात. रेषा झडपेच्या कड्यापाशी सरळ मिटवितात आणि फुप्फुस नीलांची मुखे व अलिंदाचे उपांग हिशेबाबाहेर ठेवतात. छेद तिरका पडल्यास कप्पा आखूड दिसतो, व चुकीचा उगम बहुधा येथेच असतो. या रेषांवरून आलेले घनफळ शरीराच्या पृष्ठफळाने भागतात; २०१५ च्या अमेरिकी व युरोपीय मार्गदर्शक संकेतांनुसार दर चौरस मीटरला ३४ मिलिलिटरपर्यंतचे मान प्राकृत, तर ४८ च्या वरचे तीव्र वृद्धीचे. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, द्विदल झडपेचे विकार वा डाव्या निलयाचा ताठरपणा यांनी अलिंद वाढते, मात्र कसलेल्या खेळाडूंत ते निरोगी अवस्थेतही मोठे आढळते [→ हृदय, हृद्‌विकार].