जास्त मतं म्हणजे खरी पसंती का? चित्रपट पुरस्कार, ऑनलाइन मतदान आणि नमुना निवड

संशोधन पद्धतीच्या पुस्तकात 'नमुना निवड' हे प्रकरण आलं की आपण व्याख्या पाठ करतो, नेट-सेट किंवा पेटच्या पेपरात चारपैकी एक पर्याय निवडतो आणि पुढे जातो. स्वतःच्या प्रबंधासाठी माहिती गोळा करायची वेळ आली की मग तेच प्रकरण छळायला लागतं. म्हणून आज ते वेगळ्या वाटेने समजून घेऊया. प्रश्न असा घ्या : लोकांनी ऑनलाइन मतं देऊन ठरवलेला चित्रपट पुरस्कार न्याय्य असतो का?

'हो' किंवा 'नाही' लगेच म्हणू नका. आधी इतिहास बघू.

२०२२ : एका माणसाची ३६० मतं

फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीने जाहीर केलं, की यंदा प्रेक्षकांनीही आपला आवडता चित्रपट निवडावा. हा काही अधिकृत ऑस्कर नव्हता, पण निकाल सोहळ्यात दाखवला जाणार होता. ट्विटरवर हॅशटॅग लावून किंवा वेबसाइटवर जाऊन मत द्यायचं. मुदत १४ फेब्रुवारी ते ३ मार्च. ट्विटरवर एका व्यक्तीला दिवसाला २० मतं देण्याची मुभा होती.

२०२१ चा जगभरात सर्वांत जास्त कमाई करणारा चित्रपट होता 'स्पायडर-मॅन : नो वे होम'. तो या मतदानात चौथा आला. पहिला आला झॅक स्नायडरचा 'आर्मी ऑफ द डेड', म्हणजे नेटफ्लिक्सवरचा झोंबीपट (आपली हुमा कुरेशी त्यात आहे). दुसरा 'सिंड्रेला', तिसरा जॉनी डेपचा 'मिनामाता'. टाळ्या घेणाऱ्या प्रसंगासाठी वेगळं मतदान होतं, त्यातही पहिला नंबर स्नायडरच्याच 'जस्टिस लीग'मधल्या प्रसंगाचा. अकादमीच्या सदस्यांनी मात्र सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून 'कोडा' निवडला होता.

आता जरा आकडेमोड करा. मुदतीचे दिवस १८. रोज २० मतं धरली तर एका खात्याची ३६० मतं होतात. असे ५०० जिद्दी चाहते असतील तर १ लाख ८० हजार मतं! एकदाच मत देऊन आपल्या कामाला लागणारे १ लाख ८० हजार प्रेक्षक आणि हे ५०० जण, यादीत दोघांचं वजन सारखंच. स्नायडरचे चाहते तर आधीपासून संघटित होते. 'जस्टिस लीग'ची त्याची आवृत्ती प्रदर्शित व्हावी म्हणून २०१७ पासून त्यांनी इंटरनेटवर मोहीम चालवली होती आणि २०२१ मध्ये ती यशस्वीही झाली होती. या मतदानात काही मतं स्वयंचलित खात्यांनी दिल्याच्या बातम्या नंतर आल्या. तो भाग पूर्ण बाजूला ठेवला, तरी नियम पाळूनच निकाल असा लागू शकतो, हे लक्षात घ्या. पुढच्या वर्षी अकादमीने हे मतदान घेतलं नाही.

म्हणजे इथे मोजलं काय गेलं? किती लोकांना चित्रपट आवडला, हे नाही. किती लोक किती चिकाटीने आणि किती संघटितपणे मत देत बसले, ते मोजलं गेलं. संशोधनाच्या भाषेत हा वैधतेचा प्रश्न आहे : जे मोजायचं ठरवलं होतं तेच मोजलं का?

१९३६ : २३ लाख उत्तरं आणि चुकलेला निकाल

हा दोष इंटरनेटने आणला असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. अमेरिकेतलं 'लिटररी डायजेस्ट' हे साप्ताहिक अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे अंदाज सांगायचं. १९३६ मध्ये त्यांनी सुमारे १ कोटी लोकांना पत्रं पाठवली. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारमालकांच्या याद्या यांतून काढलेले. २३ लाखांहून जास्त उत्तरं आली. दोन प्रमुख उमेदवारांची तुलना करता डायजेस्टने रूझवेल्टना ४३ टक्के मतं दिली आणि लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्टना ६२ टक्के मतं पडली.

त्याच वेळी जॉर्ज गॅलपने सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं. इतकंच काय, डायजेस्टचा अंदाज चुकणार हेही त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

डायजेस्टच्या दोन चुका होत्या. मंदीच्या काळात फोन आणि मोटार असलेला माणूस हा सरासरी मतदार नव्हता, ही पहिली. दुसरी चूक पाठ्यपुस्तकात बऱ्याचदा एका ओळीत उरकतात, पण आपल्यासाठी तीच महत्त्वाची : पत्र मिळालेल्यांपैकी तीनचतुर्थांशांनी उत्तरच दिलं नाही. ज्यांनी दिलं ते जास्त पेटलेले होते, आणि त्यांच्यात रूझवेल्टवर नाराज असलेल्यांचं प्रमाण मोठं होतं.

गॅलपही देव नव्हता. १९४८ मध्ये ट्रुमन हरणार असं त्यानेही सांगितलं आणि ट्रुमन जिंकले. पण आपला नमुना कसा निवडला हे त्याला माहीत होतं, त्यामुळे चूक कुठे झाली हे शोधता आलं. आपणहून आलेल्या मतांच्या ढिगाऱ्यात ती सोयच नसते.

१९५४ : मुंबईतले वाचक आणि दिल्लीतले परीक्षक

आता आपल्याकडे येऊ. २१ मार्च १९५४ ला मुंबईच्या मेट्रो थिएटरमध्ये पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले. पुरस्कार फक्त पाच, आणि ते ठरवले वाचकांच्या मतांनी. देशभरातल्या २० हजारांहून जास्त वाचकांनी मतं पाठवली होती. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन'.

त्याच वर्षी सरकारी राष्ट्रीय पुरस्कारही सुरू झाले. तिथे निर्णय परीक्षक समितीचा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला. 'दो बीघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं.

यातून 'लोकांची निवड विरुद्ध तज्ज्ञांची निवड' असा मथळा काढायचा मोह होईल. तो आवरा. फिल्मफेअरचे पुरस्कार तेव्हा हिंदी चित्रपटांपुरते होते, त्यामुळे 'श्यामची आई' त्या शर्यतीत नव्हताच. शिवाय मतदार म्हणजे इंग्रजी नियतकालिक वाचणारे आणि पोस्टाचा खर्च करून मत पाठवणारे लोक. त्यांची निवड चांगली होती, शेतकऱ्याची जमीन जाण्याची गोष्ट त्यांनी उचलून धरली. पण 'देशाच्या प्रेक्षकांची निवड' असं तिला म्हणता येणार नाही. फिल्मफेअरने १९५६ मध्ये वाचकांची मतं आणि तज्ज्ञांची समिती अशी दुहेरी पद्धत आणली.

२००५ : विचारायला जाणं थांबलं

या इतिहासातला सर्वांत बोलका बदल मला अमेरिकेतल्या 'पीपल्स चॉइस' पुरस्कारांत दिसतो. १९७५ मध्ये ते सुरू झाले तेव्हा विजेते गॅलपच्या सर्वेक्षणातून ठरायचे. म्हणजे १९३६ मध्ये गाजलेलीच रीत : नमुना आपण निवडायचा आणि त्या लोकांना विचारायला आपण जायचं. २००५ च्या सोहळ्यापासून हे सोडून ऑनलाइन मतदान आलं. आता जो येईल त्याचं मत.

त्या वर्षी आवडता चित्रपट ठरला मायकेल मूरचा 'फॅरनहाइट ९/११', म्हणजे अध्यक्ष बुश यांच्यावर टीका करणारा माहितीपट. आवडता नाट्यपट ठरला मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'. नुकतीच निवडणूक होऊन गेलेली, आणि दोन्ही चित्रपटांमागे भूमिका घेऊन उभे राहिलेले प्रेक्षक होते. या लोकांनी मोहीम चालवून निकाल लावला असं मी म्हणत नाही. दोन्ही चित्रपट तिकीटबारीवरही जोरात चालले होते. मुद्दा असा, की खरी आवड आणि संघटित उत्साह यांतलं काय निर्णायक ठरलं, हे या मतांच्या संख्येवरून ओळखताच येत नाही. मतं लाखाची कोटी झाली तरी येत नाही.

मग ऑनलाइन मतदान वाईटच का?

तसं नाही. परीक्षक समितीतही मोजकी माणसं असतात, त्यांच्या आवडीनिवडी असतात. टोरांटो चित्रपट महोत्सवाचा प्रेक्षक पुरस्कार १९७८ पासून दिला जातो. तिथेही आता ऑनलाइन मत देतात, पण मत देणाऱ्याने खरंच तिकीट काढलं होतं का हे ताडून पाहतात. २००८ मध्ये या प्रेक्षकांनी 'स्लमडॉग मिलियनेअर' निवडला आणि पुढे त्यालाच ऑस्कर मिळालं. हे प्रेक्षकही सगळ्या जगाचे प्रतिनिधी नाहीत. पण ते कोण आहेत हे आपल्याला सांगता येतं.

दावा किती मोठा करायचा यावरही बरंच अवलंबून असतं. झी टॉकीजच्या 'महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?' या पुरस्काराच्या नावात 'सर्वोत्कृष्ट' हा शब्द नाही, 'फेव्हरेट' आहे. तेवढा भाग प्रामाणिक. प्रश्न उरतो तो 'महाराष्ट्राचा' या शब्दाचा.

तेव्हा माझं उत्तर असं : मत देणारे कोण, एकाला किती मतं आणि त्यांनी चित्रपट पाहिलाय का, या तीन गोष्टी माहीत असतील तर ऑनलाइन मतदान न्याय्य होऊ शकतं. त्या माहीत नसतील तर तो चाहत्यांच्या संघटनेचा पुरस्कार समजावा. यात नुकसान होतं ते फौज नसलेल्या चित्रपटाचं, आणि घरी बसून शांतपणे तो आवडलेल्या प्रेक्षकाचं.

आणि तुमचा गुगल फॉर्म?

आता तुमच्याकडे वळतो. व्हॉट्सॲपच्या दहा ग्रुपवर फॉर्म टाकायचा, 'कृपया पुढे पाठवा' म्हणायचं आणि ४०० उत्तरं आली की 'महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन' असं शीर्षक द्यायचं, ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. हे डायजेस्टचंच काम झालं, फक्त पोस्टाचा खर्च वाचला.

फॉर्म पाठवण्याआधी वहीत चार ओळी लिहा :

१. माझा निष्कर्ष नेमका कोणाबद्दल असणार आहे?
२. त्यांच्यापैकी कोणापर्यंत हा फॉर्म पोहोचणारच नाही?
३. पोहोचूनही कोण भरणार नाही, आणि का?
४. एकाच माणसाने दोनदा भरला तर मला कळेल का?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडचणीचं निघालं तर काम थांबवायची गरज नाही. शीर्षक लहान करा, 'अमुक तीन महाविद्यालयांतील उत्तर देणारे विद्यार्थी' इतकंच म्हणा आणि मर्यादांच्या प्रकरणात कारण स्पष्ट लिहा. जमलं तर हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून ६० नावं काढा आणि त्या ६० जणांना स्वतः जाऊन भेटा. पायपीट होईल, काही जण टाळतील, दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतील. पण मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी 'हे ६० जणच का?' असं विचारलं, तर तुमच्याकडे उत्तर असेल.