बहुश्रुतांची स्मृती आणि ‘छायाचित्री’ स्मरणशक्ती

इ. स. ४१० च्या सुमारास चीनमधील चांगआन नगरीत काश्मीरचे स्थविर बुद्धयशस् यांनी धर्मगुप्तक संप्रदायाचा विनय भाषांतरासाठी मुखाने सांगण्याची तयारी दर्शविली. हाती पोथी नव्हती. एवढा मोठा ग्रंथ केवळ स्मृतीतून सांगताना काही गळणार वा बदलणार नाही कशावरून, अशी शंका राजा याओ शिंग यास आली. त्याने परीक्षेसाठी औषधांचे पाठ आणि लोकवस्तीच्या नोंदी, मिळून सुमारे ५०,००० चिनी अक्षरांचा मजकूर, स्थविरांपुढे ठेविला. दोन दिवसांनी मूळ लेख हाती धरून पडताळा घेतला, तेव्हा एकही अक्षर चुकले नाही, असे चिनी चरित्रकार सांगतो. चरित्रकाराच्या आकड्यात आदरापोटी काही भर पडली असणे शक्य आहे. आम्हांस मोलाची वाटते ती राजाची शंका, आणि ती फेडण्यासाठी त्याने योजिलेली परीक्षा.

हीच शंका आजही निघते. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे चार शतके त्रिपिटक मुखोद्गत राहिले, हे ऐकून काहीजण ते अशक्य ठरवितात. तर काही श्रद्धाळू म्हणतात, की त्या काळच्या भिक्खूंची स्मरणशक्ती अलौकिक होती, एकदा पाहिले-ऐकले की छायाचित्राप्रमाणे मनावर उमटत असे. ही दोन्ही मते एकाच समजुतीवर उभी आहेत. ती समजूत अशी, की मोठी स्मृती ही जन्मतः लाभणारी देणगी होय. आमच्या मते बौद्ध परंपरेचा पुरावा नेमका याच्या विरुद्ध आहे.

प्रथम छायाचित्री स्मरणशक्तीचेच पाहू. काही लहान मुलांना चित्र डोळ्यांसमोरून काढून घेतल्यावरही ते काही वेळ समोर असल्यासारखे दिसत राहते, हे खरे आहे. अमेरिकेत राल्फ व रूथ हाबर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळकरी मुलांपैकी थोड्या मुलांत ही शक्ती आढळली. परंतु ती प्रतिमा लवकरच विरते आणि तिच्यातही चुका असतात. शिवाय चित्र पाहत असताना मूल त्यातील वस्तूंची नावे घेऊ लागले, तर प्रतिमा नीट बनत नाही. प्रौढांत ही शक्ती जवळजवळ आढळतच नाही. १९७० साली चार्ल्स स्ट्रॉमायर यांनी ‘एलिझाबेथ’ या स्त्रीविषयी लिहिले. तिने एका डोळ्याने पाहिलेले १०,००० ठिपक्यांचे चित्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डोळ्याने पाहिलेल्या चित्राशी मनात जुळवून त्यातील आकृती ओळखली, असा तो दावा होता. तो प्रयोग तिच्यावर पुन्हा झाला नाही, आणि पुढे शोध घेऊनही तसे करून दाखविणारे दुसरे कोणी सापडले नाही. एका साक्षीवर सिद्धांत उभारणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही. तात्पर्य, पानांची पाने चित्रासारखी टिपणारी स्मृती अद्याप सिद्ध झालेली नाही.

आता आनंद थेरांकडे वळू. बहुश्रुतांत आणि स्मृतिमंतांत अग्र म्हणून तथागतांनी ज्यांचा गौरव केला, ज्यांच्या मुखी ८४,००० धर्मस्कंध असल्याचे परंपरा मानते, त्या आनंदांनी उपस्थापकपद स्वीकारताना काही अटी मागून घेतल्या होत्या. त्यांपैकी एक अशी, की आपल्या अनुपस्थितीत जो उपदेश होईल तो भगवंतांनी आपणांस पुन्हा सांगावा. ज्याला स्मृतीचा चमत्कार सिद्ध आहे असा मनुष्य अशी मागणी करील काय? करीलही, कारण न ऐकलेले कोणालाच आठवत नाही. मात्र या मागणीतून आनंदांची दृष्टी कळते. स्मृती म्हणजे नेमून घेतलेले, रोज पुरे करावयाचे काम. राजगृहाच्या संगीतीतही एकट्या आनंदांच्या शब्दावर भिस्त ठेवली गेली नाही. प्रश्न विचारला गेला, उत्तर दिले गेले, आणि मग पाचशे भिक्खूंनी ते एकत्र म्हटले. ‘संगीति’ या शब्दाचा अर्थच सहगायन होय.

पुढे हे काम वाटून देण्यात आले. अट्ठकथेनुसार दीघनिकाय आनंदांच्या शिष्यपरंपरेकडे, मज्झिमनिकाय सारिपुत्तांच्या, संयुत्तनिकाय महाकस्सपांच्या आणि अंगुत्तरनिकाय अनुरुद्धांच्या परंपरेकडे सोपविला गेला. ही वाटणी जशीच्या तशी ऐतिहासिक मानावी की नाही, याविषयी मतभेद संभवतात. पण भाणकांचे अस्तित्व दगडावर कोरलेले आहे. भारहुत व सांची येथील दानलेखांत ‘पंचनेकायिक’, ‘पेटकी’, ‘सुतंतिक’ अशी बिरुदे लाविलेले दाते आढळतात. आपल्या कार्ले येथील चैत्यगृहात तर सोपाऱ्याचा, धम्मुत्तरीय संप्रदायाचा भाणक सातिमित याने दिलेला स्तंभ उभा आहे. कार्ल्याला जाणाऱ्या वाचकांनी चैत्याच्या भव्य कमानीबरोबर हा लेखही अवश्य पाहावा.

भाणकांना साहाय्य होत असे ते खुद्द सुत्तांच्या रचनेचे. त्यांतील पुनरुक्ती आजच्या वाचकास कंटाळवाणी वाटते, कारण तो डोळ्यांनी वाचतो. कानाने ऐकणाऱ्यास ती पायरीसारखी आहे. ठरावीक वर्णने ठरावीक शब्दांतच येतात. समानार्थी शब्दांच्या माळेत आधी आखूड व मग लांब शब्द येतो. अंगुत्तरात एकापासून अकरापर्यंत संख्येने विषय लावले आहेत. वग्गाच्या शेवटी उद्दानगाथा सुत्तांची नावे ओवून ठेवते. ही सारी व्यवस्था ध्वनीची आणि क्रमाची आहे. वर सांगितल्याप्रमाणे चित्राची प्रतिमा शब्दांनी बिघडते. येथे तर शब्द हेच सर्वस्व.

पाठांतराची रीत सर्वांत तपशिलाने कळते ती विसुद्धिमग्गाच्या आठव्या परिच्छेदात. (या ग्रंथाचे नागरी संस्करण आपल्या धर्मानंद कोसंबींनी सिद्ध केले, ते १९४० साली मुंबईत प्रसिद्ध झाले.) शरीराच्या बत्तीस भागांचे कर्मस्थान घेणाऱ्याने, तो तिपिटकधर असला तरी, आधी ते वाणीने घोकावे असे बुद्धघोष सांगतात. पाच-पाचांचे चार गट आणि सहा-सहांचे दोन. पहिला गट सुलट म्हणावयाचा, मग उलट. दुसरा गट सुलट म्हणावयाचा, मग उलट येताना थेट पहिल्याच्या आरंभापर्यंत यावयाचे. असे करीत बत्तीसही जोडावयाचे, शंभर वेळा, हजार वेळा. वाणीने पक्के झाले की मगच मनाने म्हणावयाचे. मलयवासी महादेव थेरांनी दोन थेरांकडून चार महिने केवळ हेच करवून घेतले, अशी कथा तेथे आहे. लहान गट करणे, मागील भाग नव्याशी जोडणे, पोथी न पाहता मनातून काढणे, ही याची तत्त्वे होत. २००६ साली रोडिगर व कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. पाठ पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर, ज्यांनी तो न पाहता आठवून लिहिला होता, ते पुढे गेले.

त्याच ग्रंथात एका मज्झिमभाणक थेराची कथा आहे. मज्झिम मुखोद्गत करणे किती कठीण ते त्यास ऐकविले गेले : पहिली पन्नास सुत्ते घोकावीत तो मधली पन्नास येतात, ती घोकावीत तो शेवटची उभी राहतात. तो म्हणाला, कर्मस्थान मिळाले तर मी पाठाकडे पाहणारही नाही. एकोणीस वर्षे त्याने पाठ केला नाही. विसाव्या वर्षी अर्हत्पद लाभल्यावर भिक्खू शिकावयास आले, तेव्हा तो आरंभापासून अंतापर्यंत एका अक्षरासही अडखळला नाही. येथे अलौकिकतेचा आधार घेण्याची घाई करू नये. हॅरी बाहरिक यांनी १९८४ साली दाखविले, की शाळेत चांगली घोटलेली परभाषा पहिल्या काही वर्षांत थोडी विसरली जाते, आणि जे उरते ते पंचवीस वर्षे व त्याहूनही अधिक काळ टिकते. घोटणे किती खोल झाले होते, यावर सारे अवलंबून आहे.

आपल्या काळातील उदाहरण म्यानमारचे. तेथे तिपिटकधर परीक्षेत विनयाचे पाच, दीघनिकायाचे तीन व अभिधम्माचे बारा खंड, मिळून आठ हजारांवर छापील पाने, मुखोद्गत म्हणावी लागतात. परीक्षा टप्प्याटप्प्याने देता येते. १९५३ साली ती प्रथम पूर्ण केली मिंगुन सयाडो भदंत विचित्तसाराभिवंस (१९११–१९९३) यांनी. १९५४ ते १९५६ या काळात रंगूनला भरलेल्या सहाव्या संगीतीत महासी सयाडो प्रश्न करीत आणि ते उत्तर देत. गिनेसच्या विक्रमग्रंथाने त्यांच्या नावे १६,००० पानांची नोंद केली. आम्हांस परीक्षेचा आकडा अधिक विश्वसनीय वाटतो, आणि तो पुरेसा आहे. त्यांच्यानंतरही अनेक भिक्खू ही परीक्षा उत्तीर्ण झाले. अपूर्व देणगी अशी पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेने निपजत नसते.

या व्यवस्थेची एक दुर्बलता मात्र मान्य केली पाहिजे. पाठ करणारे जगले तरच पाठ जगतो. इ. स. पू. पहिल्या शतकात सिंहलद्वीपात बंड व दुष्काळ एकदमच आले. पुष्कळ भिक्खू समुद्रापार जंबुद्वीपात गेले. जे सुमारे साठ मागे राहिले, ते कंदमुळे व पाने खाऊन जगले. बसण्याइतके त्राण नसे, तेव्हा वाळूचा ढीग करून त्याभोवती डोकी एकत्र टेकवून ते पाठ चालू ठेवीत. बारा वर्षांनी परतलेल्या भिक्खूंनी आपला पाठ त्यांच्याशी ताडून पाहिला, आणि दोन्ही जुळले, असे अट्ठकथा सांगते. याच शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, त्रिपिटक लेखनबद्ध करण्यात आले. त्याचे स्थान परंपरा आलुविहार असे सांगते.

त्याच महाभयाच्या काळात महानिद्देस हा ग्रंथ केवळ एका भिक्खूस येत होता, आणि तो दुःशील म्हणून कुप्रसिद्ध होता. महातिपिटक थेरांनी महारक्खित थेरांना त्याजकडून ग्रंथ शिकून घेण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. तेव्हा, मी स्वतः तुमच्याजवळ बसेन, असे म्हणून त्यांना राजी करण्यात आले. रात्रंदिवस पाठ चालला. अखेरच्या दिवशी शिक्षकाच्या मंचकाखाली स्त्री दिसली, तेव्हा महारक्खित उद्गारले, की हे आधी ठाऊक असते तर मी याजपाशी शिकलो नसतो. परंतु तोवर ग्रंथ त्यांच्या मुखी आला होता. इतर अनेक महाथेरांनीही त्याच भिक्खूपाशी शिकून महानिद्देस स्थिर केला. सुत्तनिपातातील अट्ठकवग्गावरचे ते भाष्य आज खुद्दकनिकायात आहे.