शून्य तिकिटाचे मोल

बंगळूरच्या पूर्वेचे होसकोटे आपणांस शहाजीराजांच्या जहागिरीतील ठाणे म्हणून ठाऊक आहे. आज तेथील मोटारथांब्यावर राज्यकारभाराचा निराळाच प्रश्न उभा आहे: प्रवासाचा खर्च सोसावा कोणी?

म्हैसूर सरकारने मोटारवाहतूक हाती घेतली ती १९४८ साली. त्याच वर्षी १ जूनला पहिली एस.टी. पुण्याहून नगरला निघाली. पुढे पाऊणशे वर्षांनी, १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राने एस.टी.त स्त्रियांचे भाडे निम्मे केले. ११ जूनपासून कर्नाटकाने आपल्या राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी गाड्यांतून विनामूल्य प्रवास दिला.

होसकोट्याहून बंगळुरास कामाला निघालेल्या स्त्रीच्या हाती वाहक शून्य रुपयांचे तिकीट देतो. ते निरर्थक चिठोरे नव्हे. ती सरकारच्या नावे मांडलेली उधारी आहे. डिझेल, टायर, वेतन यांत तिने पैचीही घट होत नाही. भार उतारूच्या पिशवीवरून खजिन्यावर सरकतो, एवढेच. खजिन्याने विलंब लावला, तर तो महामंडळाच्या माथी बसतो. इंधन व वेतन यांचा खर्च वाढला म्हणून जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाने भाडे १५ टक्क्यांनी वाढविले. ते तिकीट काढणाऱ्यांनाच भरावे लागले.

सवलत जाहीर करणे हा राजधर्माचा पूर्वार्ध. तिची रक्कम वेळेवर पोचविणे हा उत्तरार्ध होय.