ठिसूळ सिरॅमिक अंतराळयानाची ढाल कसं बनतं?

चिनी मातीचा कप हातातून निसटला की त्याचे तुकडे होतात. पण त्याच जातीचा, म्हणजे सिरॅमिक प्रकारातला पदार्थ आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांचं भरधाव येणाऱ्या कणांपासून रक्षण करतो. पटकन फुटणारी वस्तू ढालीत कशी चालते?

धोका किती?

स्थानक सेकंदाला सुमारे 7.7 किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरतं. जुन्या उपग्रहांचे आणि रॉकेटचे तुकडेही तेवढ्याच वेगाने, पण वेगवेगळ्या दिशांनी फिरत असतात. त्यामुळे टक्कर झाली तर ती सरासरी सेकंदाला 10 किलोमीटर वेगाने होते. या वेगाने येणाऱ्या, 1 सेंटीमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या गोळीचं वजन दीड ग्रॅमही नसतं. पण तिच्यातली ऊर्जा ताशी 40 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या एक टनी कारपेक्षा जास्त असते. 1983 मध्ये रंगाच्या एका कपचीने चॅलेंजर यानाच्या खिडकीच्या काचेला खड्डा पाडला होता. ती काच बदलावी लागली.

धक्का बसल्यावर सिरॅमिकचं काय होतं?

धातूवर घाव बसला की त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून धातू वाकतो. सिरॅमिकमधले अणू घट्ट बांधलेले असतात, ते असे सरकत नाहीत. त्यामुळे सिरॅमिक प्रचंड दाब सहन करतं, पण ताण पडला की आतल्या बारीकशा भेगेपासूनही तडा पसरत जातो.

आघात होताच दाबाची लाट सिरॅमिकमधून पुढे जाते. मागच्या पृष्ठभागावरून परतताना तीच लाट ताणाची होते आणि सिरॅमिक फुटतं. पण त्याआधीच्या काही लाखांश सेकंदांत त्याने समोरच्या गोळीलाही जबर धक्का दिलेला असतो. बुलेटप्रूफ जॅकेटमधली सिरॅमिक प्लेट याच तत्त्वावर चालते: प्लेट गोळी फोडते आणि मागचं कापड तुकडे अडवतं.

अंतराळातली ढाल कशी असते?

अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी 1947 मध्ये एक साधी कल्पना मांडली. यानाच्या भिंतीपुढे, थोडं अंतर सोडून, एक पातळ पत्रा लावायचा. येणारा कण पत्र्यावर आदळून फुटतो, त्याचा भुगा पसरतो आणि भिंतीवरचा मार एका जागी न बसता विखुरला जातो.

स्थानकाच्या पुढच्या भागात, जिथे माऱ्याची शक्यता जास्त, तिथे ही ढाल आणखी मजबूत केली आहे. अमेरिकेच्या डेस्टिनी प्रयोगशाळेवर बाहेर सुमारे 2 मिलीमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. मधल्या जागेत नेक्स्टेल या सिरॅमिक कापडाचे सहा आणि केव्हलारचे सहा थर आहेत. सर्वांत आत यानाची भिंत आहे. नेक्स्टेलचे धागे मुख्यतः ॲल्युमिना आणि सिलिकाचे असतात. पत्र्यातून आलेले तुकडे नेक्स्टेल पुन्हा फोडतं आणि उरलेल्या भुग्याचा वेग केव्हलार कमी करतं. सिरॅमिक विणलेलं असल्यामुळे एक धागा तुटला तरी तडा शेजारच्या धाग्यात जात नाही, आणि कापडाची बाकीची जागा पुढच्या माऱ्यासाठी शाबूत राहते.

मग स्थानक पूर्ण सुरक्षित आहे का?

नाही. ही ढाल साधारण 1 सेंटीमीटरपर्यंतचे तुकडे रोखते. 10 सेंटीमीटरपेक्षा मोठ्या तुकड्यांवर जमिनीवरच्या रडारचं लक्ष असतं, त्यामुळे ते जवळ येणार असतील तर स्थानकाची कक्षा थोडी बदलता येते. या दोन आकारांमधले बहुतेक तुकडे मात्र नजर ठेवायला फार लहान आणि अडवायला फार मोठे असतात. त्यांच्यासाठी शेवटचा उपाय एकच: भिंतीला भोक पडलंच तर त्या कक्षाचा दरवाजा बंद करायचा आणि गरज पडल्यास परतीच्या यानात बसायचं.